आई, लय मागे ओढू नकोस

माझ्या मुलीचा गुडघा गेला तेव्हा मी शाळेत सातवीच्या वर्गाला पेटीवर प्रार्थना शिकवत होते. ती मुंबईत होती, बॅले करणाऱ्या एका लहानशा समूहात नाचत होती. सरावात उडी मारून खाली येताना डावा पाय वळला आणि गुडघ्यातून, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. तिने फोन केला तो संध्याकाळी. तोवर गुडघा नारळाएवढा सुजला होता. "आई, आधी खाली बस," ती म्हणाली. मी बसले नाही, पण भिंत धरली.

ऑपरेशन पनवेलला झालं. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी तिच्याच मांडीतला एक तुकडा घेऊन बसवला. डॉक्टर म्हणाले, "चालेल, जिने चढेल, पळेलसुद्धा. नाचायचं काय ते वर्षभराने बघू."

परत येताना मी नवऱ्याला म्हटलं, "बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू," तो म्हणाला आणि गाडी चालवत राहिला. साजगावच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स बघतो. बिघडलेल्या वस्तूवर त्याचा इतका विश्वास आहे की कधीकधी मला राग येतो.

मुलगी दहिवलीला आमच्याकडे राहायला आली. सव्वीस वर्षांची पोर, पुन्हा बाळासारखी पाय टाकायला शिकत होती. आधी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायची. मग भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं खाली सरकायचं. मग एक पायरी. बॅलेच्या सरावात आधाराला एक लाकडी दांडी लागते. आमच्या घरात ती जागा स्वयंपाकाच्या ओट्याने घेतली. मी पोळ्या लाटायची आणि ती शेजारी ओटा धरून एकेक पाय हळूहळू वर उचलायची. पोळी फुगली की तिचा पाय वर, असं काहीसं गणित आमचं बसलं होतं. बोलणं फार होत नसे. तिला सहानुभूती नको होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी मी थोडा वेळ व्हायोलिन वाजवते. शाळेत पेटी, घरी व्हायोलिन, अशी माझी वाटणी आहे. लहानपणापासून रीतसर शिकले, लग्नाआधी चार-पाच छोट्या बैठकाही झाल्या, मग नोकरी आणि संसारात ते हळूहळू माझ्यापुरतंच राहिलं. ऑपरेशनला आठ महिने होत आले होते तेव्हाच्या एका रविवारी मी वृंदावनी सारंग वाजवत होते. मुलगी पलंगावर पुस्तक घेऊन पडली होती. गत संपली तेव्हा बघते तर ती खोलीच्या मधोमध जमिनीवर बसलेली, एक गुडघा पोटाशी, हनुवटी त्याच्यावर.

"परत वाजव," ती म्हणाली.

मी परत वाजवलं. ती बसल्या जागेवरून उठली. उठली एवढंच. पण ते उठणं चांगली तीन-चार मिनिटं चाललं होतं. आधी मान, मग पाठ, मग एक हात, आणि सगळ्यात शेवटी पाय. मी गज चालवत राहिले. ती पूर्ण उभी राहिली आणि म्हणाली, "मला हे बसवायचंय."

"काय बसवायचंय?"

"हेच. एक बाई बसलेली असते. उठते, चालते, पळते, उडते. गोष्ट एवढीच."

"बरं. मी तुला रेकॉर्ड करून देते."

"रेकॉर्डिंग नको. तू स्टेजवर बसून वाजवायचंस."

मी हसले. मग लक्षात आलं की ती हसत नाहीये.

तिच्या मुंबईच्या समूहातल्या दोन मैत्रिणी दर शनिवारी यायला तयार झाल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सभागृह वापरायला दिलं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम करायचा ठरला. अकरा यासाठी की सारंग दुपारच्या तोंडावरच शोभतो. अडचण होती स्टेजची. आमच्या शाळेचं स्टेज म्हणजे निव्वळ कोबा. त्यावर उड्या मारणं म्हणजे चांगले गुडघेही मोडून घेणं. मुलीने नुसतं "खाली जरा दबणारं काहीतरी हवं" एवढंच सांगितलं होतं. पुढच्या शनिवारी नवरा कारखान्यातून टाकाऊ रबराच्या जाड पट्ट्या टेंपोत घालून घेऊन आला. त्या पट्ट्या हातभर अंतराने मांडल्या, वर प्लायवूड, त्यावर आणखी एक प्लायवूड आडवं, आणि सगळ्यात वर विनाइलचं अंथरूण. दोन रविवार तो आणि त्याचा एक सहकारी गुडघ्यांवर बसून स्क्रू पिळत होते. झाल्यावर तो स्वतः त्यावर तीनदा उडी मारून आला. शंभराला टेकलेलं वजन त्याचं. "चालेल," म्हणाला.

तालासाठी मी पखवाजवाल्या काकांना विचारलं. कळंबच्या पलीकडच्या एका गावात त्यांची भातशेती आहे, भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात, आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही दरवर्षी येतात. बॅले म्हणजे काय हे समजावण्याचा मी बराच प्रयत्न केला. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बाई, पोरगी नाचनार हाय ना? आन् आपल्याला तिच्यासंगं वाजवायचं हाय?"

"हो."

"मग एवढं काय समजावताय?"

पहिल्या तालमीला ते जरा चक्रावले ते मुलींच्या मोजण्याने. त्या तिघी आठापर्यंतच मोजत आणि परत एकपासून सुरू करत. काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "दोन आठ म्हंजे आपलं तीनतालाचं एक आवर्तन. नाव येगळं, घर तेच." त्यानंतर त्यांना कधी काही सांगावं लागलं नाही.

अडचण माझ्याकडून आली.

नाचाच्या शेवटच्या भागात दोन मिनिटांची द्रुत गत होती. त्यात मुलगी एकामागून एक सोळा उड्या मारायची आणि शेवटी स्टेजच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन एक मोठी झेप घ्यायची. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी तिला एका पायावर उड्या मारायला लावून, मोजून, तपासून सांगितलं होतं की डावा पाय उजव्याइतकाच झालाय. हे सगळं मला पाठ होतं. तरीही ती हवेत गेली की माझ्या कानात ती ओली फांदी मोडायची. मी तो आवाज प्रत्यक्ष ऐकलेला नव्हता. कदाचित म्हणूनच तो इतका मोठा झाला होता.

मी एकदा सुचवून पाहिलं, "त्या उड्या तुझ्या मैत्रिणींना दे ना. दिसायलाही छान दिसेल, दोघी मिळून."

"बसलेली बाई उठली, चालली, पळाली आणि उडायची वेळ आली तेव्हा शेजारणीला पुढे केलं?" तिने विचारलं. मी विषय सोडला.

विषय सोडला, पण गजाने माझं ऐकलं नाही. उड्यांचा भाग आला की मी लय थोडीशी उतरवायची. अगदी थोडीशी. मला वाटायचं, तिला श्वास घ्यायला जागा मिळेल, पाय नीट टेकवायला वेळ मिळेल. कुणाच्या लक्षात येणार नाही असंही वाटायचं. तीन शनिवार असं चाललं. चौथ्या शनिवारी ती दहाव्या उडीनंतर थांबली, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तू मला पाडणार आहेस."

काकांनी पखवाजाच्या तोंडावरची काळी शाई न्याहाळायला घेतली.

घरी आल्यावर मी भांडणाच्या तयारीत होते. तिने माझा हात धरला आणि स्वयंपाकघरात नेलं. "एका पायावर उभी राहा."

"काय पोरखेळ आहे?"

"राहा ना. मी चार म्हणेन तोवर."

मी फ्रिजला एक बोट लावून उभी राहिले. तिने ते बोट काढायला लावलं. मग टाळी वाजवत भरभर मोजलं, एक-दोन-तीन-चार. मी सहज उभी राहिले. "आता परत," म्हणाली आणि या वेळी तिने एक... दोन... असं इतकं सावकाश मोजायला घेतलं की तीनपर्यंत येता येता मी डुगडुगले आणि धडपडत ओट्यावर हात टेकला.

"कळलं?" ती म्हणाली. "तू संथ वाजवलंस की मला तेवढा वेळ हवेत राहावं लागतं. म्हणजे जास्त उंच उडावं लागतं. जेवढी उंच जाईन तेवढी जोरात खाली येईन. तू मला सांभाळायला जातेस आणि सगळा भार त्याच गुडघ्यावर घालतेस. लय मागे ओढू नकोस, आई. मी ज्या लयीत सराव केलाय ती दे, बाकी माझं मी बघते."

इतके शनिवार मी ज्याला माया समजत होते, ते ओझं होतं. मी तिला विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, आपोआप थांबेल," ती म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "आणि तू घाबरली आहेस हे मला मोठ्याने बोलायचं नव्हतं."

त्या रात्री आम्ही दोघींनी पिठलं-भात केला आणि खूप दिवसांनी पोटभर गप्पा मारल्या. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. पुढच्या तालमीला माझी लय पुन्हा उतरली. कमी उतरली, पण उतरली. चहाच्या सुट्टीत काका माझ्याजवळ येऊन बसले.

"बाई, एक बोलू? राग नाय ना?"

"बोला."

"तुमी पोरीच्या गुडघ्याकडं बघता. मी बघतो तिच्या पावलाकडं. गुडघ्याला काय ताल नसतो, बाई. ताल हाय तो पावलात. पाऊल कुठं पडतंय तेवढं बघा, हात आपोआप जाईल."

मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या पावलांकडे पाहिलं. लांब, थोडी रुंद, बॅलेच्या मऊ कापडी चपलांतूनही अंगठ्याकडचे घट्टे दिसणारी पावलं. ती जमिनीला टेकत होती ती अगदी मात्रेवर, न घाबरता. मी त्यांच्या मागोमाग गेले. गत संपली तेव्हा मुलीने लांबूनच अंगठा दाखवला.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह अर्ध्याहून जास्त भरलं होतं. माझे सहशिक्षक, मुलांचे पालक, नवऱ्याच्या कारखान्यातली मंडळी. पुढच्या दोन रांगांत काकांचं अख्खं भजनी मंडळ पांढऱ्या टोप्या घालून बसलं होतं. मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात चौकीवर बसले, काका माझ्या शेजारी. स्टेशनकडून गाडीचा भोंगा आला आणि विरला. पडदा बाजूला झाला. मुलगी मधोमध बसलेली होती.

आलाप नीट गेला. ती उठली. पुढच्या रांगेतलं कुजबुजणं थांबलं. मग काकांनी ठेका धरला, दोघी मैत्रिणी आत आल्या, तिघी चालू लागल्या, चालण्याचं पळणं झालं. मला मजा यायला लागली होती. इतक्या वर्षांनी स्टेजवर वाजवत होते आणि सूर लागत होता.

आणि तेवढ्यात, एका गिरकीनंतर, मुलगी गुडघे दुमडून खाली बसली.

हे आमच्या नाचात नव्हतं. तिची पाठ माझ्याकडे होती. मला एवढंच दिसलं की तिचा हात डाव्या पायाकडे गेला. दोघी मैत्रिणी थबकल्या. काकांचा हात पखवाजावर थांबला. मी पंचमावरून उतरून रिषभावर आले होते. तिथेच राहिले. उठून तिच्याकडे धावावं असं सगळं अंग म्हणत होतं. काका ओठ न हलवता पुटपुटले, "सोडू नका, बाई. वाजवत ऱ्हावा."

मी रिषभ धरून ठेवला. गज एका टोकाला गेला, परत आणला, परत गेला. माझ्याजवळ तेवढंच होतं. एक सूर. तो सोडला असता तर सगळ्या सभागृहाला कळलं असतं की काहीतरी मोडलंय.

मग तिने पायातली मऊ चप्पल काढली आणि बाजूला ठेवली. सावकाश, आपल्या अंगणात बसल्यासारखी. मग दुसरीही काढली. वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर घाम होता, दुखणं नव्हतं. आईला ते ओळखता येतं. तिने उजवा तळहात जमिनीवर ठेवला आणि बोटांनी हलकेच ठोके दिले. एक-दोन-तीन-चार. पूर्ण लय. तालमीतली, जराही कमी न केलेली.

काकांनी ती तिच्या बोटांवरून उचलली. मी पावलांकडे पाहिलं. अनवाणी पावलं उठली आणि मी गत सुरू केली.

त्या सोळा उड्या मी मोजल्या नाहीत. मला फक्त पावलं जमिनीला लागल्याचा आवाज आठवतो, नवऱ्याने केलेल्या त्या फळ्यांवरचा, मऊ आणि भरीव. गज माझ्या आधी पुढे जात होता. मोठ्या झेपेच्या वेळी ती कोपऱ्यातून धावत निघाली, माझ्या अगदी समोरून हवेत गेली आणि पलीकडे उतरली. डाव्या पायावर. दोन पावलं पुढे गेली आणि उभी राहिली. काकांनी तोच तुकडा तीनदा वाजवून तिहाई समेवर आणून ठेवली. मग मी गज मांडीवर ठेवला.

मग पहिल्या रांगेतले एक म्हातारे आजोबा, "भले गं पोरी!" असं ओरडले आणि टाळ्या सुरू झाल्या.

पडदा पडल्यावर मी व्हायोलिन चौकीवर ठेवलं आणि तिच्यासमोर खाली बसून दोन्ही हातांनी गुडघा चाचपायला लागले.

"आई! उठ. सगळे बघतायत."

"दुखतंय का? इथे? इथे?"

"चपलेचं इलॅस्टिक तुटलं गं. पाऊल आत घसरायला लागलं. तशीच नाचले असते तर पडले असते, म्हणून बसून काढली." मग ती हसली. "गुडघ्याला तर कळलंसुद्धा नाही."

मी तिथेच विनाइलवर बसून रडले. बरं वाटलं म्हणून रडले. नवरा आला. तो कार्यक्रमभर सगळ्यात मागे दाराजवळ उभा होता, आणि अजूनही त्याच्या मुठीत गाडीची किल्ली होती. मग कळलं की सकाळीच त्याने गाडी फाटकाकडे तोंड करून लावली होती, मध्ये कुणी दुसरी गाडी आणू नये म्हणून दोन कुंड्याही ठेवल्या होत्या. थेट पनवेलला निघता यावं म्हणून. मी इतके महिने समजत होते की आमच्या घरात घाबरणारी मी एकटीच आहे. मुलीने त्याच्या मुठीतून किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, "बाबा, जेवायला चला."

वर्गातली बाकं जोडून सगळे जेवायला बसलो. वांग्याची भाजी, पुरी, मसालेभात. मुलीने एका बाकावर पाय लांब करून गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली होती. काळजी म्हणून नाही, सवय म्हणून, असं तिने मला दोनदा सांगितलं. मुख्याध्यापिका तिच्याजवळ येऊन म्हणाल्या, "मधे बसून चप्पल काढलीस तो भाग मला फार आवडला. बाई आता खरी मोकळी झाली असं वाटलं." मुलगी नम्रपणे "थँक यू मॅडम" म्हणाली आणि माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही, नाहीतर दोघींनाही हसू आवरलं नसतं.

त्या दुपारी मी साडी न बदलता झोपले ती पाच वाजता उठले. इतकी गाढ झोप ऑपरेशनच्या आधी कधी लागली होती, आठवत नाही. बुधवारी तिने डॉक्टरांना गुडघा दाखवला. सूज नव्हती. त्यांनी पाय वाकवून, ओढून, वळवून बघितला आणि विचारलं, "मग, आता परत कशाला आलात?" मला तो प्रश्न फार आवडला.

काका पुढच्या आठवड्यात नव्या तांदळाची पिशवी घेऊन घरी आले. चहा पिता पिता मुलीला म्हणाले, "पोरी, आता पुढचं बसवशील ते चौतालात बसव गं. बारा मात्रा."

"काका, आम्ही आठात मोजतो. बारा कशा बसवणार?"

"का नाय बसनार? आठ आन् चार." त्यांनी कप खाली ठेवला आणि टाळी देऊन दाखवायला लागले. मुलगी ओट्याला टेकून उभी राहिली, मान हलवत ऐकत होती. मग तिने एक पाय उचलला, परत टेकवला, म्हणाली, "परत द्या, काका." मी दुसऱ्यांदा चहा टाकला. ती दोघं मोजत होती, चुकत होती, परत मोजत होती.